वैशाखी पुनवेचा पाहुणा

माझ्या वडिलांना "जीभ दाखवा" असं सांगणारा माणूस आमच्या घरात एकच येऊन गेला. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्यासमोर शिपाईसुद्धा खोकायचा असला तर बाहेर जाऊन खोकत असे. पण कडुबानं पहिल्याच भेटीत चहाचा कप खाली ठेवला, त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "काका, जीभ दाखवा." आणि वडिलांनी दाखवली. ती का दाखवली, हे त्यांना स्वतःलाही कधी सांगता आलं नाही.

"पोटात उष्णता हाय," कडुबानं निकाल दिला. "ताक पीत जावा."

वडील त्या दिवसापासून ताक पिऊ लागले. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं, असं मात्र ते सगळ्यांना बजावून सांगत. डॉक्टरांकडं ते गेल्याचं मला आठवत नाही.

कडुबा माझ्याबरोबर बी. ए.ला होता. फर्दापूरकडचा. घर मेंढपाळाचं, आणि घरात शाळेची पायरी चढलेला हा पहिलाच. काळा, काटक, उंचीला बेताचा, आणि डोळे असे की आपल्याकडं बघितलं की आपण उगाचच ताठ उभे राहावं. वर्गात शिरला की तो बाकावर बसायच्या आधी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "एक कमी हाय." सर हजेरी घेत घेत शेवटच्या नंबरापर्यंत पोचायचे, तेव्हा खरोखरच एक कमी निघायचा. तो बोटं मोजत नसे. कसं कळतं म्हणून विचारलं तर त्यालाच नवल वाटायचं. "तुमाला कळत नाय व्हय?" असं तो विचारायचा, आणि त्यात टोमणा नसायचा, काळजी असायची.

आमची चौकडी होती. मी, कडुबा, वाळूजकडच्या एका खेड्यातला दिनकर आणि शहरातल्या जुन्या वस्तीतला रफीक. दिनकर आणि कडुबा हॉस्टेलला, मी आणि रफीक आपापल्या घरून येणारे. आमचं घर पुंडलिकनगरला. तेव्हा तिथं घरं कमी आणि खडीचे ढीग जास्त होते. रिक्षावाले पत्ता ऐकून मान फिरवत. पहिलं वर्ष कसं गेलं कळलं नाही, परीक्षा झाली, आणि शेवटच्या पेपरानंतर कॅन्टीनसमोर आम्ही एकमेकांचे निरोप घेऊ लागलो. पत्र लिहू, भेटू, वगैरे. जे सगळेच बोलतात आणि कुणीच करत नाही, ते.

कडुबानं आम्हाला थांबवलं. म्हणाला, पत्रानं माणूस कळत नाय. कागदावर समदेच खुशाल असतात. माणूस नजरंखालून जायला पायजे. मग त्यानं तिथल्या तिथं आमच्या तारखा लावून दिल्या. तारखा म्हणजे तिथी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिनकर, वैशाखी पुनवेला मी आणि अमावस्येला रफीक.

रफीक उखडला. "मेरेकूच अमावस कायकू?"

"तुह्या गल्लीत खांबावर लाईट हाय," कडुबा म्हणाला आणि माझ्याकडं बोट केलं. "सुध्याच्या तिकडं अंधार. मला चांदणं पायजे."

आम्ही हसलो आणि विसरलो. तो विसरला नाही.

वैशाखी पुनवेला दुपारी तो आमच्या दारात हजर. खांद्यावर घोंगडी, हातात कडुलिंबाच्या काड्यांची जुडी. घरातल्या माणसागणिक दोन काड्या, मोजून आणलेल्या. त्या त्यानं आईच्या हातात अशा दिल्या की जणू पेढ्यांचा पुडा. मग तो एकेकाला बघू लागला. वडिलांची जीभ सांगितलीच. आईच्या पायांच्या भेगा बघून त्यानं मेण आणि तेल सांगितलं. सुमनताईचे डोळे बघून म्हणाला, "बरे हायेत, पर झोप कमी हाय." ताई तेव्हा चोरून रात्रभर कादंबऱ्या वाचत असे, ते अशा तऱ्हेनं उघडकीला आलं. माझी पाळी आली तेव्हा त्यानं माझा वरचा वाकडा दात अंगठ्यानं हलवून बघितला आणि "ह्यो टिकंल" म्हणून मला सोडून दिलं.

रात्री पलंग दिला तर नको म्हणाला. अंगणात घोंगडी टाकून झोपला. सकाळी आम्ही उठलो तोवर त्यानं आमच्या जुन्या बाजेची सैल झालेली सुंभं सोडून सगळी बाज नव्यानं ताणून विणली होती. एक दिवस, एक रात्र आणि घरातलं एक काम, हा त्याचा नेम. जेवला, आईच्या पाया पडला आणि निघाला. तो दिसेनासा झाल्यावर वडील बाजेवर बसले, एकदा उठले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "काम मात्र चोख आहे."

दिनकरकडं त्यानं विहिरीचा रहाट दुरुस्त केला होता. रफीककडं तर शेजाऱ्याच्या बकरीची खुरं कापली, तिला काय खाऊ घालायचं ते सांगितलं आणि रफीकच्या अम्मीच्या हातची बिर्याणी खाऊन, "मीठ जरा कमी हाय" असं तोंडावर सांगून आला. रफीक मला म्हणाला, "ये दोस्त हय के वारंट हय रे? तारीख देता, फिर आताच हय." पण पुढच्या वर्षी अमावस्येच्या दिवशी अम्मीनं मीठ बेतानं जास्त घातलं आणि रफीकला सकाळपासून तीनदा नाक्यावर पिटाळलं, हेही त्यानंच सांगितलं.

आम्ही त्याच्या गावी का गेलो नाही, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. आमच्या नाही आला. तो बोलवत नसे आणि आम्ही विचारत नसू. त्याचा पत्तासुद्धा फर्दापूरच्या बसथांब्याजवळच्या एका चहाच्या हॉटेलाचा होता. हॉटेलवाला पत्र ठेवून घेतो, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यापलीकडं ठाऊक करून घ्यायची आम्हाला गरज वाटली नाही. जो न चुकता येतो, त्याच्याकडं जायचं असतं हे माणूस विसरतो, आणि आम्ही तर तेव्हा वीस वर्षांचे होतो.

तिसऱ्या वर्षीचा उन्हाळा शेवटचा. निकालानंतर दिनकर वाळूजच्या एखाद्या नव्या कारखान्यात चिकटायच्या खटपटीत होता, रफीक मामाकडं हैदराबादला जाणार होता, मला बी. एड.ला घालायचं ठरलं होतं. यंदाच्या फेरीनंतर कोण कुठं असेल याचा नेम नव्हता. आणि नेमका याच वर्षी घोळ झाला, आणि तो मी केला.

सुमनताईला बघायला शहरातलीच मंडळी येणार होती. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, माणसं जरा कडक. आणि त्यांनी दिवस दिला तो वैशाखी पुनवेचा. आईनं कॅलेंडर बघितलं आणि डोक्याला हात लावला. तिच्या डोळ्यांपुढं काय उभं राहिलं ते मला न सांगता कळलं. कारण माझ्याही डोळ्यांपुढं तेच होतं. नवरा मुलगा पोह्यांची बशी घेऊन बसला आहे आणि कडुबा त्याला म्हणतो आहे, "पाव्हणं, आ करा."

वडील एवढंच म्हणाले, "त्याला यंदा पुढं कधीतरी बोलाव." सरळ सांगितलं असतं तर कडुबानं ऐकलं असतं. पण खरं लिहायची मला लाज वाटली. ही लाज ताईच्या बघण्याची नव्हती. त्या मंडळींपुढं घोंगडीवाला मित्र नको, ही होती, आणि ती मला स्वतःशीही कबूल करायची नव्हती. मी कार्ड लिहिलं की आम्ही सगळे पुनवेला पैठणकडं मामाच्या गावी जात आहोत, घरी कुणी नसेल, सबब येऊ नकोस. मामाच्या गावाचं नावही लिहिलं. खोटं बोलणाऱ्याला तपशील देण्याची फार हौस असते.

बघण्याचा कार्यक्रम छान झाला. पोहे बरे झाले, ताईनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली, मुलानं एकही प्रश्न विचारला नाही, आणि मंडळी हसतमुखानं गेली. आठवड्याभरात होकार आला. आई मला म्हणाली, "बरं झालं बाई, सगळं निर्विघ्न पार पडलं." मीही तसंच म्हणालो.

दोन दिवसांनी मामा आला. होकाराची बातमी ऐकून पेढा तोंडात टाकला आणि मग मला म्हणाला, "काय भाचेबुवा, तुम्ही पुनवेला आमच्याकडं येणार होता म्हणे?"

मी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

कडुबा मामाच्या गावी गेला होता. आम्ही पुंडलिकनगरला नाही, मामाकडं आहोत असं कळल्यावर त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता. पुनव माझी होती, मग मी जिथं असेन तिथं यायचं. फर्दापूरहून रात्रीची गाडी धरून तो सकाळी मामाच्या ओट्यावर जाऊन बसला. मामानं सांगितलं की कुणी यायचं ठरलेलं नाही. त्याला ते पटेना. सुध्यानं लिवलंय, म्हणाला. दुपारपर्यंत त्यानं वाट बघितली. तेवढ्यात मामाच्या बैलाच्या पायातला काटा काढून दिला. मग एकदम उठला. म्हणाला, घरची समदी निघालेली हायेत आन पोचली नायती, म्हंजी वाटंत कायतरी झालं आसंल, मी बघतो. मामा जेवून जा म्हणत होता. तो थांबला नाही.

मामाला ही गंमत वाटली. "भलताच इरसाल दोस्त आहे तुझा," असं म्हणून तो हसला. वडील हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ताकाचा पेला तसाच बाजूला ठेवला.

मला वाटलं, कडुबा येईल आणि मला धुऊन काढेल. मी उत्तरं तयार करून ठेवली. एक उत्तर तर फारच चांगलं होतं, त्यात सगळा दोष मामाचा होता. तो आला नाही. अमावस्या आली. मी सकाळीच रफीककडं गेलो, म्हटलं तिथं गाठू. रफीकच्या अम्मीनं हंडी चढवली होती. दुपार झाली, हंडी उतरली, आम्ही दोघं नाक्यावर उभे राहिलो. शेवटची बस आली आणि रिकामी झाली. तेव्हा मी रफीकला सगळं सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हणालो, आपण दोघं जाऊ.

"नै," रफीक म्हणाला. "झूट तेरा हय. तूच जा."

दुसऱ्या दिवशी मी फर्दापूरला उतरलो. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. लेणी बघायला आलेली चार माणसं टोप्या सावरत उभी होती. थांब्याजवळचं हॉटेल लगेच सापडलं. गल्ल्यावर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. मी कडुबाचं नाव घेताच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "दात दाखवा बरं."

मी दाखवला.

"म्हंजी तुमी सुधाकर," ते म्हणाले. त्यांनी पोऱ्याला न सांगता स्वतः उठून मला पाणी दिलं. मग जे सांगितलं ते असं. कडुबाच्या लोकांचं घर एका जागी नसतं. उन्हाळ्यात मेंढ्या शेतकऱ्याच्या नांगरलेल्या रानात बसवायच्या, त्या लेंडीचं खत जमिनीला मिळतं, शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. चार रात्री या रानात, पाच त्या रानात. मुक्काम हलला की कडुबा दोन-दोन कोस चालून हॉटेलात येतो आणि सांगून जातो, आता आम्ही अमक्या शिवारात, तमक्या ओढ्याच्या काठाला. दोस्त आले तर वाट दावा.

"तिसरा उन्हाळा हाय ह्यो," ते म्हणाले. "दर मुक्कामाला येतो. मी म्हणलं, लेका, कुणी येत न्हाई, कशाला पाय मोडतो. तर म्हणतो, आले आन सापडलो नाय तर?"

ते पाणी मी प्यायलो. दुसरं काय करणार होतो.

रान कोसभर लांब होतं. लांबूनच ओढ्याच्या कडेला मेंढ्यांचा घोळका दिसला, भोवती जाळीचं कुंपण, बाजूला बाभळीखाली तीन दगडांची चूल आणि चार गाठोडी. त्याची आई चुलीपाशी होती. मी कॉलेजातला म्हणून सांगितल्यावर ती उभी राहिली आणि तिची धांदल उडाली. बसायला काय द्यावं ते तिला कळेना. तिनं एक गाठोडं सोडलं, तळातून एक कोरी गोधडी काढली, झटकली, बाभळीच्या सावलीत अंथरली आणि मला हाताला धरून तिच्यावर बसवलं. घडीच्या खुणा तशाच होत्या. "ही तुमच्यासाठीच शिवलेली," ती म्हणाली. "त्यो म्हणला होता, माझं दोस्त येतील, ते घोंगडीवर बसायचं नायती. टोचती त्यांना."

त्या गोधडीवर बसणं मला फार जड गेलं.

कडुबा कुंपणाच्या आत होता. एका लंगड्या मेंढीचा पाय मांडीत धरून खुरातली घाण काढत होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "वाळलास," म्हणाला. आणि हसला. तयार केलेली सगळी उत्तरं मी विसरलो. मी कुंपण ओलांडून आत गेलो आणि त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"कडुबा, मी खोटं लिहिलं होतं. आम्ही कुठंच जाणार नव्हतो."

"म्हाईत हाय."

"मामानं सांगितलं?"

"नाय. मी तुह्या घरी आल्तो. पुनवंलाच. संध्याकाळी."

मामाच्या गावाहून निघून तो वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर उतरून विचारत आला होता, कुठं गाडीला अपघात झाला का, दवाखान्यात कुणाला नेलं का. असं करत पाच-साडेपाचला पुंडलिकनगरला पोचला. शेजाऱ्यांना काय विचारावं म्हणून समोरच्या खडीच्या ढिगाशी उभा राहिला, तर आमचं दार सताड उघडं. ओट्यावर चपलांची रांग. आणि मी नव्या शर्टात, हातात सरबताचा ट्रे घेऊन.

"तू हसत व्हतास," कडुबा म्हणाला. "काका बी हसत व्हते. ताई आत दिसली, निळं लुगडं नेसलेली. काकू दिसंनात, म्हणून जरा थांबलो. मग त्या पोहे घेऊन आल्या. चौघं बी धड हायेत म्हणलं, आन आलो."

मेंढीनं पाय ओढायचा प्रयत्न केला. त्यानं तिच्या गुडघ्याला हलकंच थोपटलं. ताईचं जमलं का, असं त्यानं विचारलं. जमलं म्हणालो. "मुलगा बरा दिसत व्हता लांबनं," तो म्हणाला.

मला तो खडीचा ढीग दिसत होता. तीस पावलांवर. सकाळपासून उपाशी माणूस तिथं उभा होता आणि मी आत सगळ्यांना दुसरा ग्लास घ्यायचा आग्रह करत होतो.

"आणि रफीककडं का गेला नाहीस? अम्मी वाट बघत होती."

त्यानं खुरात अडकलेला एक खडा उकरून काढला. मग म्हणाला की त्याला वाटलं, आम्हा सगळ्यांनाच त्याचं येणं नको होत असेल. तीन वर्षं कुणाला सांगवत नसेल. आता शेवटी शेवटी कशाला कुणाला अवघडात टाका.

"अरे, पण तू दारापर्यंत आला होतास," मी म्हणालो. माझा आवाज चढला, आणि तो माझ्यावरच चढला होता. "एवढं सगळं डोळ्यांनी बघितलंस. मला एक हाक का नाही मारलीस? शिव्या द्यायच्या होत्यास चार, सगळ्यांसमोर."

कडुबानं मेंढीचा पाय खाली सोडला. ती दोन पावलं लंगडली, मग नीट चालू लागली. तो तिच्याकडं बघत राहिला.

"हाक मारली असती तर तुला आनखी एक खोटं बोलावं लागलं असतं," तो म्हणाला. "मंग तू माझ्याकडं कधीच आला नसतास."

मी त्याचा हात धरला. हाताला औषधाचा आणि लोकरीचा वास होता. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. त्याची आई चुलीपासून बघत होती. तिनं भाकरीचं पीठ आणखी एक मूठ वाढवलं.